जनुक आहे, पण हवा नाही

किल्लारीच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी हेच पिढ्यान्‌पिढ्या पोटाचं धान्य. १९४८पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब घरांतला पेलाग्रा डॉक्टरांच्या परिचयाचा होता: उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते, पुढे बुद्धीही भ्रमते. हा आजार नायसिनच्या, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाच्या, कमतरतेचा. मक्यावर जगणाऱ्यांना तो होतो हे समजण्यासारखं आहे, कारण मक्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लच कमी असतं. ज्वारीत त्याची तेवढी टंचाई नाही, आणि ट्रिप्टोफॅनपासून नायसिनची गरज काही अंशी भागवणारी जनुकं प्रत्येक माणसात जन्मतःच असतात. कच्चा माल आहे, यंत्रही आहे, तरी माल निघत नाही. जनुक असणं आणि ते कामाला येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं माझं म्हणणं आहे. आणि ते यीस्टमध्ये जितकं स्वच्छ दिसतं तितकं माणसात दिसत नाही.

यीस्टमध्येही ट्रिप्टोफॅनपासून निघणारी हीच वाट आहे. तिच्यावरच्या जनुकांना बीएनए म्हणतात. त्यांतलं बीएनए-६ काढून टाकलेलं यीस्ट प्रयोगशाळेच्या नेहमीच्या पौष्टिक माध्यमावर ठेवलं तर ते मजेत वाढतं, कारण त्या माध्यमात यीस्टचाच अर्क असतो आणि त्यात नायसिन भरपूर. मोजून-मापून केलेल्या प्रमाणित माध्यमातही लिटरला ४०० मायक्रोग्रॅम नायसिन असतं. तिथंही फरक दिसत नाही. फरक दिसायला नायसिन वगळलेलं माध्यम मुद्दाम बनवावं लागतं. मूळ यीस्ट आणि बीएनए-६ नसलेलं यीस्ट, दोन्ही दहा-दहा पटींनी पातळ करत थाळीवर ओळीनं थेंब सोडायचे आणि ३० अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस ठेवायचं. मूळ यीस्टच्या ओळीत पांढरे दाट ठिपके उठतात. दुसऱ्या ओळीत मात्र पहिल्या थेंबावर फिकी साय येते, आणि घाई करणारा इथंच फसतो. पेशींनी आधीच्या माध्यमातून आणलेली शिदोरी अजून संपलेली नसते. पेशी धुऊन पुन्हा नायसिनशिवायच्या माध्यमात वाढवल्या, की मग ती ओळ थांबते. नायसिन दिलं की पुन्हा चालू. सरकारी टिपणासारखं ‘हे जनुक अनावश्यक’ असं लिहिणाऱ्यानं आधी कुठल्या थाळीवर, हे सांगायला हवं.

खरी गंमत हवेची आहे. या साखळीतली बीएनए-१, बीएनए-२ आणि बीएनए-४ ही जनुकं जी विकरं बनवतात, त्यांना प्राणवायू लागतो. म्हणून एकही जनुक न काढलेलं धडधाकट यीस्ट हवाबंद भांड्यात, नायसिनशिवाय ठेवलं, तर तेही अडतं. (अशा भांड्यात एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लंही बाहेरून द्यावी लागतात, ती विसरली तर दोष भलत्यावरच जातो.) जनुकं शाबूत आहेत, वाट मात्र बंद आहे.

माणसात अडसर हवेचा नाही, हे उघड आहे. हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये ल्युसिनकडे बोट दाखवलं: ज्वारीत हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते ट्रिप्टोफॅनच्या वाटेत आडवं येतं. या मांडणीवर आक्षेप आले, सगळ्यांना तोच परिणाम दिसला नाही, आणि पुढे बी-६चाही संबंध लागला. तो पटण्यासारखा आहे, कारण याच साखळीतल्या कायन्युरेनिनेज विकराला बी-६ लागतं. ल्युसिनचा वाद कसाही सुटो, माझा मुद्दा त्यावर टांगलेला नाही. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी रोज असेल तर ही साखळी अडली काय किंवा चालली काय, फारसं बिघडत नाही. शेंगदाण्यात नायसिन तयारच असतं. चटणीही न परवडणाऱ्या घरात मात्र सगळा भार साखळीवर येतो.

यीस्टवरून माणसाचं सांगू नये, हा आक्षेप अर्धा खरा आहे. यीस्टकडे पीएनसी-१ नावाचं जनुक आहे, ते नायसिनामाइडचं निकोटिनिक आम्ल करतं. आपल्याकडे ते नाही, आपण वेगळ्या विकरानं भागवतो. पण बीएनए-६चा जोडीदार माणसात आहे आणि तो तेच काम करतो. तुलना तेवढ्यापुरतीच करावी. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: बाहेरून मिळत असेल तर ही जनुकं बाळगायचीच कशाला? कॅन्डिडा ग्लाब्राटा या यीस्टनं ती गमावलीच आहेत. माणसाच्या अंगावर राहून ते आयतं नायसिन घेतं. पण मूत्रमार्गात, जिथं नायसिन तोकडं पडतं, तिथं त्याची चिकटून बसायची जनुकं जागी होतात आणि ते मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतं.