पहिलं घर: हिशेब पायापासून

दुधनीत, म्हणजे अक्कलकोट तालुक्याच्या कर्नाटक सीमेवरच्या टोकाला, नव्या जोडप्याचा घराचा हिशेब बहुधा ‘चौरस फुटाला किती?’ इथून सुरू होतो. तो जमिनीखालून सुरू व्हायला हवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खालचा मुरूम किंवा पक्का थर लागेपर्यंत खोदावं लागतं. तो किती खोल आहे, यावर पायाचा खर्च ठरतो. म्हणून नकाशाआधी प्लॉटवर एक चाचणी खड्डा घ्या. मजुरीपुरता खर्च, पण पुढचा घोळ वाचतो.

साध्या ६०० चौरस फुटांच्या घराला ढोबळमानाने २४० पोती सिमेंट आणि दोन-अडीच टन लोखंड लागतं. ठेकेदाराच्या आकड्याशी हे ताडून पाहा. फरशीत मात्र बचत सोपी आहे: शहाबाद दुधनीच्याच रेल्वेमार्गावर पुढे आहे, आणि शहाबादी फरशी उन्हाळ्यात पायांना सुखावते. चकचकीत टाइल्सचा हट्ट कशाला?

१० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ९,००० रुपये. फेड साडेएकवीस लाखांवर जाते. बँक पैसे टप्प्याटप्प्याने देते: जोतं, स्लॅब, गिलावा. टप्पा आधी आपल्या पैशाने उभा करावा लागतो. घरकुल अनुदानाचंही तसंच. त्यामुळे शेती असेल, तर तुरीचे पैसे हातात आल्यावरच स्लॅबची तारीख धरावी. कुंपण, वीजजोडणी, बोअर यांचे पैसे वेगळे काढा. ठेकेदाराच्या दरात ते सहसा नसतात.