जंगलात करिअर? आधी ग्रामसभेत बसा!

वाइल्डलाइफमध्ये काहीतरी करायचंय, असं तुमच्याही डोक्यात आहे? मग गडचिरोलीतलं मेंढा-लेखा माहीत करून घ्या. वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. बाहेरच्या जाणकारांशी अभ्यास गटात चर्चा होते. निर्णय मात्र गाव घेतं, तोही सर्वसहमतीने.

मग तुमच्या डिग्रीचं काय काम? भरपूर आहे! जीपीएसने हद्दीचा नकाशा, झाडांची मोजणी, जैवविविधता नोंदवही, यात ग्रामसभांना मदत लागतेच. फक्त कुठला कंद कुठे मिळतो हे सांगणारी आजी म्हणजे तुमचा ‘डेटा’ नव्हे. औषधी वनस्पतीचा पत्ता रिपोर्टमध्ये छापला आणि कुणी ती ओरबाडून नेली, तर नुकसान गावाचं होतं. म्हणून काय छापायचं ते ग्रामसभेला विचारा. ‘नाही’ म्हणाले तर तेवढं वगळा. आणि परतीची एसटी पकडण्याआधी रिपोर्ट गावात वाचून दाखवा, एक प्रत तिथेच ठेवा.