संगणक कोणाचा?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. यंत्र नुसते चांगले असून भागत नाही. ते आपल्यासाठी आहे असे माणसाला वाटावे लागते. पुढे आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ते कारखान्याच्या मालाची ओळख करून देण्यासाठीच. जाहिरात माल खपवते. शिवाय तो माल कोणाचा, हेही मनावर बिंबवते. संगणकाच्या बाबतीत याचा परिणाम काय झाला, ते पाहू.

१९४६ साली अमेरिकेत 'एनिअॅक' हा संगणक लोकांपुढे आला. सुमारे १८,००० निर्वात नलिका आणि खोलीभर पसारा! तोफगोळ्याच्या एका मार्गाचे जे गणित हाताने करायला ३०-४० तास लागत, ते हे यंत्र सुमारे अर्ध्या मिनिटात करी. गणिताचे टप्पे पाडून, त्यांप्रमाणे तारा जोडून आणि खटके लावून त्याची आज्ञावली सिद्ध केली सहा तरुणींनी. मात्र सैन्यभरतीच्या एका जाहिरातीत या यंत्राचे छायाचित्र छापताना त्यातील स्त्रिया कापून टाकल्या गेल्या. उरला तो गणवेशातील पुरुष!

१९८० नंतर तेथे संगणक घरोघरी शिरला. जाहिरातींत कळफलकापुढे बहुधा मुलगाच बसलेला असे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील पाहणीत आढळले, की घरातला संगणकही बहुधा मुलाच्याच खोलीत असे. साहजिकच तो महाविद्यालयात येई तो हात बसवून; मुलगी मात्र तेथे प्रारंभ करी आणि 'हे आपले काम नव्हे' असे समजे. १९८४ साली अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. २०१० च्या सुमारास त्या १८ टक्के उरल्या.

मुलींची बुद्धी कमी पडली म्हणावे, तर त्याच काळात वैद्यक व कायद्याच्या वर्गांत त्यांचे प्रमाण वाढत होते. मग कार्नेगी मेलनने नवशिक्यांसाठी वेगळा प्रारंभिक अभ्यासक्रम ठेवला, प्रवेशाचे निकषही बदलले. तेथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ साली मुली ७ टक्के होत्या, त्या २००० साली ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत बुद्धी बदलत नाही. बदलली ती सुरुवात.

आपल्याकडे काय घडले? १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे छापलेले होते. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला, मुलाखत दिली आणि पुण्यात नोकरी मिळवली. संगणक आला तेव्हा तो फार थोड्या घरांत होता. बहुतेक मुलामुलींनी त्याला प्रथम हात लावला तो शाळेत, महाविद्यालयात किंवा क्लासमध्ये. दोघांची सुरुवात सारखी झाली आणि मुली या शाखेत मोठ्या संख्येने आल्या.

पण आता यंत्र घरात आले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आढळल्या, तर पुरुष ५७ टक्के.

तेव्हा एक प्रयोग करा. महिनाभर वर्तमानपत्रांतील आणि सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरील संगणक, मोबाइल व क्लासच्या जाहिराती मोजा. यंत्र कोणाच्या हातात आहे आणि कोण नुसते पाहत आहे, याचे दोन रकाने पाडा. तिसरा रकाना घरचा: घरातला फोन दिवसातून किती वेळ भावाकडे आणि किती वेळ बहिणीकडे असतो? तिन्ही रकाने वर्गात फळ्यावर मांडा आणि शिक्षकांसह त्यांवर चर्चा करा.