पोचा नसलेलं माप

दूधवाल्या भैयांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांना काय हवंय हे मला कळलं होतं. पहाटेची कडी, सायकलला दोन्ही बाजूंनी टांगलेले कॅन, पातेल्यावरची बोटभर साय. तेच डोक्यात घेऊन जोगेश्वरीच्या एका तबेल्यात गेले आणि भलतीकडेच अडकले. तिथल्या एका भैयांच्या हातात माप होतं.

अर्ध्या लिटरचं, लांब दांड्याचं. दांड्याचं टोक आकड्यासारखं वळवलेलं, म्हणजे कॅनच्या काठाला अडकवलं की माप आत पडत नाही. अंगावर वैधमापन खात्याचा शिक्का. अशा मापांची दर दोन वर्षांनी पडताळणी करून घ्यावी लागते. भैयांनी ते उलटं करून माझ्यापुढे धरलं. "पोचा आहे का बघा." तळाला बाहेरून पोचा आला की माप आतून उथळ होतं आणि दर वेळी चमचाभर दूध कमी जातं. महिन्याचा हिशोब केला तर गिऱ्हाइकाचं बरंच नुकसान. दादरच्या एक आजी अधूनमधून माप हातात घेऊन बोटांनी तळ चाचपायच्या, असं त्यांनी सांगितलं. राग नाही यायचा? "राग कशाचा? दूध त्यांचं, पैसा त्यांचा."

दुसरी लबाडी फेसाची. माप झपकन बुडवून काढलं की वर फेस चढतो आणि माप काठोकाठ दिसतं. भैया माप बुडवतात, क्षणभर तसंच धरतात, फेस बसला की पातेल्यात ओततात आणि मग वर थोडंसं घालतात. ते वरचं दूध कुठल्याच बिलात येत नाही, पण ते घातलं नाही तर दुसऱ्या दिवशी बाई दारात बोलून दाखवणारच.

भैया इतक्या पहाटे का येतात, याचं उत्तर तबेल्यातच मिळतं. म्हशींची धार मध्यरात्र उलटल्यावर काढतात, पुन्हा दुपारी. दूध गार करायची सोय पूर्वी नव्हतीच. मुंबईच्या दमट हवेत निरसं दूध काही तासांत आंबायला लागतं, म्हणून इकडे भैयांची धावपळ आणि तिकडे घरात दूध आलं रे आलं की गॅसवर. पहाटेच्या त्या कडीचं आपण पुष्कळ कौतुक केलं, पण ती वाजवायला लावत होती दूध नासण्याची भीती.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगते. मुंबईच्या दुधासाठी सरकारने योजना आखली आणि 1945 मध्ये खेडा जिल्ह्यातून दूध आणण्याचं काम पोल्सन कंपनीकडे गेलं. शेतकरी बिथरले, 1946 मध्ये त्यांनी आपला संघ काढला आणि 1948 पासून त्या संघाचं पाश्चराइज केलेलं दूध आणंदहून मुंबईला येऊ लागलं. त्यातूनच पुढे अमूल उभं राहिलं. इकडे दारा खुरोडींनी गोरेगावला आरे वसाहत उभारली आणि शहरातल्या म्हशी तिकडे हलवायला घेतल्या. 4 मार्च 1951 रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. 32 युनिटं, 16 हजारांच्या घरात म्हशी. 1963 चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी आणि आणंदच्या संघाचे वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून देण्यात आला.

आरेमुळे कार्ड आलं, केंद्रापुढची रांग आली, पातळ पत्र्याच्या झाकणाची काचेची बाटली आली. रिकामी बाटली धुऊन परत न्यायची, तेव्हा भरलेली मिळायची. मग प्लास्टिकची पिशवी आली आणि परत द्यायचं काही उरलं नाही. 2018 च्या प्लास्टिकबंदीत जाड पिशव्यांना सूट मिळाली, रिकामी पिशवी परत केल्यास 50 पैसे द्यायचेही ठरलं. पण पिशव्या धुऊन दुकानात नेऊन देणारं घर निदान माझ्या ओळखीत नाही.

भैयांचं दूध शुद्ध होतं, असं आता ऐकू येतं. सांगणाऱ्यांच्या आयांना विचारा. "आज पातळ आहे हो" हे वाक्य ज्या दारात रोज ऐकू यायचं, त्याच दाराबद्दल आपण हे बोलतो. तबेल्याची कहाणीही गोड नाही. आटलेली म्हैस शहरात पोसणं परवडत नसे, म्हणून तिची रवानगी बहुतेक वेळा कत्तलखान्याकडे व्हायची. रेडकांचे हाल वेगळेच. हे भैयाही लपवत नाहीत. "धंदा असाच होता," एवढंच म्हणतात.

मग हळहळ कशाची? मला वाटतं, दारातल्या त्या भांडणाची. पिशवी पातळ लागली तर कोणाशी भांडणार? कालनिर्णयच्या चौकटीत खाडे टिपलेले असायचे, महिनाअखेरीला दोघं मिळून ते मोजायचे, एखाद्या तारखेवरून वाद व्हायचा आणि एकजण अर्ध्या लिटरवर पाणी सोडायचा. म्हैस व्याली की जुन्या घरांना चीक मिळायचा, बहुधा फुकट. खरवस त्याचाच. आता बाजारात मिळणाऱ्या खरवसात चीक किती आणि चायनाग्रास किती, देव जाणे.

भैयांच्या अडचणी मात्र भावनेच्या नाहीत. चाळ पाडून टॉवर झाला आणि गेटवर वॉचमन आला. गिऱ्हाइकाने फोनवर होकार दिल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि पहाटे पाचला गिऱ्हाईक झोपलेलं. पिशवीवाला पोरगा दाराच्या मुठीला पिशवी अडकवून निघून जातो. सुटं दूध कशाला अडकवणार? त्याला उघडं दार आणि समोर पातेलं लागतं. दारं पहाटे उघडायची थांबली, तिथेच हा धंदा बसला असं मला वाटतं. भावाचंही आहेच. 1 मार्च 2023 पासून मुंबईत म्हशीच्या सुट्या दुधाचा घाऊक दर लिटरला 80 वरून 85 रुपये झाला. पेंड आणि चारा महागला हे खरं, पण गिऱ्हाईक पेंडीचा भाव विचारत नाही. भैयांना यूपीआय मात्र आवडलं. पैसे वेळेवर येतात, सुट्यांची कटकट नाही.

एकेकाळी आख्ख्या गल्लीत रतीब घालणारे हे भैया आता बोटांवर मोजण्याइतक्या घरी जातात, तीही सारी वयस्कर माणसांची. उरलेलं दूध मिठाईवाल्याला, पडेल त्या भावात. मुलगा टॅक्सी चालवतो, त्याला तबेल्यात यायचं नाही, आणि यावं असं बापालाही वाटत नाही.

निघताना मी विचारलं, गिऱ्हाइकांना काही सांगायचंय का? भाव वाढवून द्या म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी खाड्याचं काढलं. तुमच्याकडे अजून रतीब असेल तर एवढं करा: खाडा आदल्या संध्याकाळी कळवा. सकाळी दारात सांगितलेल्या खाड्याचं दूध भैयांच्याच अंगावर पडतं.