काट्यावरचा आकडा वाचतो कोण?

केमोला गेलं की आधी वजन. उंची आणि वजनावरून औषधाचा डोस बसवायचा असतो, म्हणून त्यात सहसा कसूर होत नाही. पण सहा महिन्यांपूर्वी पेशंट किती किलोचा होता, हे विचारायचं मात्र राहून जातं. ६८ वरून ६३ वर आलेला माणूस चारचौघांत ठणठणीतच दिसतो. प्रत्यक्षात त्याचं ७ टक्क्यांहून अधिक वजन गेलेलं असतं. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटणं ही कुपोषणाची ठळक खूण मानतात.

ती हुडकायला महागडी तपासणी लागत नाही. ऑस्ट्रेलियात १९९९ साली तयार झालेल्या 'एमएसटी' चाचणीत दोनच गोष्टी विचारतात: प्रयत्न न करता वजन घटलंय का, किती? आणि भूक नसल्याने जेवण कमी झालंय का? दोन किंवा जास्त गुण झाले की आहारतज्ज्ञाकडे पाठवायचं. यात 'वजनाचं नक्की सांगता येत नाही' या उत्तरालाही दोन गुण आहेत, आणि ते योग्यच. घरी काटा असतो किती जणांकडे? अशा वेळी पँट ढिली झाली का, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, हे विचारावं.

लठ्ठ पेशंट या नजरेतून हमखास निसटतो. चरबीआड झिजलेले स्नायू दिसत नाहीत. पोटात पाणी झालं असेल तर काटाही फसवतो.

वजनाची ही घट म्हणजे नुसती उपासमारही नव्हे. कॅन्सरमुळे शरीरात दाह वाढतो, भूक मरते, स्नायू झिजतात. 'दोन घास जास्त खा' म्हणून भागत नाही. त्यात तोंडाचा कॅन्सर असेल, तर रेडिएशनने तोंड सोलवटतं, आमटीचं तिखटही सोसत नाही. मग घरचे पेज आणि डाळीवरचं पाणी देत राहतात. पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. 'एस्पेन' या युरोपीय संस्थेच्या शिफारशीनुसार किलोमागे रोज एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात असतात सहाच. त्यात व्हॉट्सॲपवर वाचून कुणी दूधही बंद करतं!

तोंडाने पुरेसं जात नाही म्हणून अन्नासाठी नाकातून नळी घालायची म्हटली की घरात रडारड होते. नळी म्हणजे शेवट, असा समज. तोंड बरं होऊन गिळता येऊ लागलं की बहुतेकांची ती निघते. तिचा विषय रेडिएशन सुरू होण्याआधीच, पेशंट धडधाकट असताना काढलेला बरा.