वांगे भाजावे कशावर : गॅसवर की निखाऱ्यावर?

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाताना वाटेत उंद्री हे गाव लागते. हा सगळा कापूस, तूर आणि सोयाबीनचा मुलूख. कापूस वेचून संपला की शेतात पऱ्हाट्या उरतात आणि तूर झोडपून झाली की बांधावर तुराट्यांचा ढीग लागतो. हिवाळ्यात याच काड्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत करायचे आणि गोवऱ्यांच्या आरात रोडगे लावायचे, ही वऱ्हाडची जुनी रीत. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील भरताच्या वांग्याला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरी मात्र आता भरताचे वांगे बहुधा गॅसच्या बर्नरवरच भाजले जाते आणि जेवताना कोणीतरी म्हणतेच, ‘शेतातल्या भरताची चव याला नाही.’

शहरात हाच वाद दुसऱ्या नावाने चालतो. गच्चीवर बार्बेक्यू लावायचा तर तो गॅसचा घ्यावा की कोळशाचा? उपकरण वेगळे असले तरी वाद एकच आहे. त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात : पदार्थापर्यंत उष्णता कशी पोचते, चव कशातून येते आणि जळणातून निघालेले वायू कुठे जातात. हे तीन प्रश्न सुटे केले की वाद बराचसा मिटतो. शिवाय माध्यमिक शाळेतील उष्णता, ज्वलन आणि श्वसन या तिन्ही पाठांना एक घरचे उदाहरण मिळते.

उष्णता कोणत्या वाटेने येते?

वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णता संक्रमणाचे तीन प्रकार आपण वर्गात शिकवतो. गॅसची निळी ज्योत फार तप्त असते. तिचा सर्वांत तप्त भाग सुमारे १९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. पण निळ्या ज्योतीत काजळीचे कण जवळजवळ नसतात, त्यामुळे ती प्रारणाने थोडीच उष्णता देते. तिची बहुतेक उष्णता वर चढणाऱ्या तप्त वायूंबरोबर जाते. म्हणून बर्नरच्या बाजूला, ज्योतीपासून वीतभर अंतरावर तळहात धरला तर फारसे पोळत नाही.

निखाऱ्याची गोष्ट उलटी आहे. त्याचे तापमान ७०० ते ९०० अंशांच्या आसपास, म्हणजे ज्योतीपेक्षा पुष्कळ कमी असते. पण तो घन पदार्थ आहे, त्याचा पृष्ठभाग काळा आणि खडबडीत आहे, आणि असे पृष्ठभाग उत्तम प्रारण करतात. तेवढ्याच अंतरावर निखाऱ्यांच्या बाजूला हात धरला तर लगेच मागे घ्यावा लागतो.

निखाऱ्यावर फुंकणीने फुंकले की तो लालसरचा नारिंगी होतो. हे का होते ते विद्यार्थी सांगतात : ऑक्सिजन जास्त मिळाला. पण त्याचा परिणाम किती मोठा असतो ते आकड्यांवरून कळते. तप्त पृष्ठभागाचे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ७०० अंश सेल्सिअस म्हणजे ९७३ केल्व्हिन आणि ९०० अंश म्हणजे ११७३ केल्व्हिन. दोन्हींचे चौथे घात घेऊन भागाकार केला तर उत्तर २.१ च्या जवळ येते. तापमान जेमतेम एक पंचमांशाने वाढले, उष्णता मात्र दुपटीहून अधिक झाली! भट्टीवरचा माणूस हातातल्या पंख्याने आंच कमीजास्त करतो त्यामागे हेच गणित आहे.

आणखी एक फरक आहे. घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. यांत हायड्रोजन असतो, म्हणून ते जळताना पाणी तयार होते. १ किलो गॅस पूर्ण जळला तर सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. स्टीलच्या पातेल्यात गार पाणी घेऊन ते क्षणभर ज्योतीवर धरा. पातेल्याच्या बाहेरून दव जमते. चांगल्या कोळशात हायड्रोजन फारच थोडा असल्याने निखाऱ्यावर असे दव जवळजवळ जमत नाही. निखाऱ्याची आंच कोरडी आणि गॅसची ओलसर, असे म्हणतात ते खरेच आहे.

चव कोळशात असते का?

खमंगपणाचा एक भाग कोणत्याही जळणावर मिळतो. पृष्ठभाग सुमारे १४० अंशांच्या पुढे तापला की त्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. १९१२ साली लुई कामीय मेयार या फ्रेंच संशोधकाने तिचे वर्णन केले, म्हणून तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते पाणी असेपर्यंत गर शंभर अंशांच्या पुढे तापत नाही, तो वाफेत शिजतो. करपते ती साल. या करपत्या सालीचा धूरही गराला लागतो. म्हणूनच गॅसवरच्या वांग्यालाही भाजल्याचा वास येतोच.

मग शेतातल्या भरताचे वेगळेपण कशात? ते काड्यांच्या धुरात आहे. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. तो तापून विघटित होतो तेव्हा ग्वायकॉलसारखी सुवासिक संयुगे निघतात. धुराचा जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः यांचा.

आता मुद्द्याची गोष्ट. कोळसा म्हणजे काय? लाकूड अपुऱ्या हवेत तापवून त्यातील धूर होणारा बहुतेक भाग आधीच काढून टाकला की जे उरते ते. पूर्ण पेटलेल्या चांगल्या कोळशाला धूर नसतो आणि म्हणून स्वतःची चवही जवळजवळ नसते. याचा पुरावा आपल्याच स्वयंपाकघरात आहे. भाजीला किंवा रायत्याला कोळशाची धुरी देतात तेव्हा वाटीत नुसता निखारा ठेवून काही होत नाही. त्यावर तूप सोडावे लागते, तेव्हा धूर निघतो. वास तुपाच्या धुराचा, निखारा फक्त तवा! कोळशाच्या बार्बेक्यूवरही हेच घडते. मसाला, तेल, चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि त्यांचा धूर पदार्थाला लागतो. गॅसच्या बार्बेक्यूत बर्नरवर धातूच्या पट्ट्या किंवा दगड ठेवतात ते याचसाठी. ठिबकलेला थेंब त्यांवर जळतो आणि पट्ट्या तापून प्रारणही करतात.

म्हणजे ‘गॅस की कोळसा’ ही जोडी चवीच्या दृष्टीने चुकीची आहे. खरा फरक आहे तो धूर देणारे जळण आणि धूर न देणारे जळण यांत. पऱ्हाटी पहिल्या गटात येते. गॅस आणि कोळसा दोन्ही दुसऱ्या.

रोडग्याला मात्र चवीच्या जोडीला आंचेची चालही वेगळी लागते. रोडगा जाड असतो. तीव्र आंचेवर तो बाहेरून करपेल आणि आत कच्चा राहील. गोवऱ्या जळून आर झाला की त्यावर राखेचा थर येतो. हा थर हवा अडवतो, निखारा सावकाश जळतो आणि उष्णता चहूबाजूंनी बेताने मिळत राहते. बर्नरवर हे साधत नाही, कारण त्याची उष्णता एकाच बाजूने येते. झाकणाचे भांडे वापरून आतली हवा तापवली तर गॅसवरही बरेचसे जमते.

न दिसणारा वायू

येथे आम्हांला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. कोळशाला धूर नाही म्हणजे तो निर्धोक, असा समज घरोघरी आहे. तो घातक आहे.

शेगडीत तळाशी हवा भरपूर असते. तेथे कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू वर चढताना तप्त कोळशांच्या थरातून जातो आणि त्याचा आणखी कार्बनशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड बनतो. उघड्यावर त्याचा काही भाग वरच्या हवेत जळतो. पेटलेल्या शेगडीवर निळसर ज्योती खेळताना दिसतात त्या याच्याच. उरलेला भाग हवेत मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातले काही कळतही नाही. कडाक्याच्या थंडीत दारेखिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवली आणि सकाळी माणसे उठलीच नाहीत, अशा बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात.

सिलिंडरमधील गॅसलाही मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. निखाऱ्याच्या वायूला असा पहारेकरी नाही. गॅसमध्ये हवा आधीच मिसळत असल्याने निळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड फार थोडा निघतो. पण ज्योत पिवळी होऊन भांडी काळी होऊ लागली, तर ज्वलन अपुरे आहे असे समजून बर्नर साफ करून घ्यावा.

लाकडी धुराचेही कौतुक मर्यादेतच हवे. ग्वायकॉलबरोबर त्यात बेन्झोपायरिनसारखी कर्करोगकारक संयुगे आणि फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण असतात. वांग्यावर बसणारी काजळी बरीचशी सालीबरोबर निघून जाते. पण चुलीपुढे रोज बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसाला साल नसते. वर्षातून चार वेळा शेतात केलेले भरीत आणि बिनधुराड्याच्या घरात रोज दोन वेळा पेटणारी चूल, यांची तुलना होऊ शकत नाही.

वर्गात करून पाहा

१. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तुराट्यांचे तुकडे भरा. झाकणाला खिळ्याने भोक पाडा; भोक नसेल तर दाब वाढून झाकण उडेल. शिक्षकांनी स्वतः डबा मैदानात जाळावर ठेवावा. भोकातून निघणारा धूर लांब काडीने पेटवला तर जळतो. धूर थांबल्यावर डबा पूर्ण थंड होऊ द्या. आत कोळसा मिळेल. तो पेटवा आणि धूर येतो का ते पाहा.

२. वांग्याचे वजन भाजण्यापूर्वी आणि नंतर करा. किती पाणी गेले?

३. एक वांगे गॅसवर आणि एक तुराट्यांच्या जाळावर भाजा. साल काढून गर कुस्करा; मीठसुद्धा घालू नका. प्रत्येक विद्यार्थ्याला डोळे बांधून तीन चमचे चाखायला द्या, दोन एका वांग्याचे आणि एक दुसऱ्याचे. वेगळा कोणता ते त्याने ओळखायचे. नुसत्या अंदाजाने १२ मुलांपैकी सरासरी ४ जण बरोबर येतील. ८ किंवा अधिक जण बरोबर आले, तर तसे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ५० त १ हूनही कमी असते; म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही. हीच चाचणी गॅस आणि धूर निघून गेलेले निखारे यांच्यात पुन्हा घ्या. आमचा तर्क असा, की या वेळी मुलांना वेगळे वांगे ओळखणे बरेच अवघड जाईल. तो खरा ठरतो की खोटा, ते वर्गाने ठरवावे.

मग निवड कशी करावी?

रोजच्या भरतासाठी घरात गॅस बरा. खिडकी उघडी असावी. कोळसा विकत घेताना लक्षात ठेवावे, की साध्या भट्टीत १ किलो कोळशासाठी ४ ते ५ किलो लाकूड लागते आणि लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा वाटेतच जाते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली, तिला २००२ साली अॅशडेन पुरस्कार मिळाला. पाचट किंवा पऱ्हाटीसारख्या टाकाऊ जळणाचा कोळसा झाडे तोडायला लावत नाही. धुराची चव हवी असेल तर पऱ्हाट्या घेऊन शेतात जावे आणि वाऱ्याकडे पाठ करून बसावे.

मात्र जळण कोणतेही असो, पेटलेली शेगडी झोपायच्या खोलीत कधीही नेऊ नये. कोणाला शेगडीजवळ गुंगी आलेली दिसली तर दारेखिडक्या उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थंडी सुरू होण्यापूर्वीच्या पाठात एवढे दोन वाक्यांत सांगितले आणि मुलांनी ते घरी जाऊन सांगितले, तर या पाठाचे चीज झाले असे आम्ही समजू.