हाडाचा शिक्षक

एखादे गुरुजी मन लावून शिकवू लागले, की आमच्याकडे 'हाडाचा शिक्षक आहे' असे म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. जणू शिकविण्याची ओढ हाडांबरोबरच जन्माला येते. ज्याला आहे त्याला आहे, नाही त्याला नाही. मलाही परवापरवापर्यंत तसेच वाटत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पुढे बी.एड. करून शिक्षिका व्हावे असे मनात आहे. तेव्हा आपली हाडे कसली आहेत, हा प्रश्न माझ्यापुरता तरी नुसता चर्चेचा नाही.

२०१४ साली मी तिसरीत होते. गावच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा एक गुरुजी होते. शाळा सुटल्यावर ते वाचता न येणाऱ्या पोरांना ओट्यावर घेऊन बसत. पुढे त्यांची बदली झाली. माझा मामेभाऊ त्यांच्या नव्या शाळेत शिकत होता. तो म्हणाला, "ते गुरुजी? ते तर दिवसभर कागद भरतात. घंटा झाली की गाडीला किक." माझा विश्वास बसेना. दोन वर्षांत माणसाची हाडे बदलतात काय?

आई त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. चुलीपाशी बसलेल्या बाईपुढे कोणी सोंग आणीत नाही, त्यामुळे शाळेविषयीचे तिचे निरीक्षण पक्के असते. ती म्हणाली, "अगं, गुरुजी थांबायचे तेव्हा मोठ्या बाईपण थांबायच्या की." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मग मला आठवले. दर शनिवारी चहाच्या वेळी त्या सगळ्यांना विचारीत, "कोणाचं कोणतं पोर अडलंय?" एखाद्याला भागाकार समजावता येत नसला, तर तो तसे सांगून टाकी, आणि दुसरा त्याच्या वर्गावर जाऊन शिकवून दाखवी. यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

गुरुजी मला गेल्या वर्षी बाजारात भेटले. मी भीतभीतच विषय काढला. ते म्हणाले, "बाळ, तिथं मी पहिल्याच महिन्यात जादा तास घेतला. सोबतचे म्हणाले, 'आम्हाला खाली बघायला लावता काय?' साहेबांना फक्त तक्ते वेळेवर हवे होते. मी वर्षभर घेतले तास. मग सोडून दिलं."

यंदा ग्रंथालयात वाचताना मला गुरुजींचे कोडे थोडे उलगडले. सुसान रोझेनहोल्ट्झ या अमेरिकन अभ्यासक बाईंनी टेनेसी राज्यातील प्राथमिक शाळा पाहून १९८९ मध्ये एक पुस्तक लिहिले. जेथे शिक्षक एकमेकांना अडचण विचारतात तेथे ते शिकत राहतात आणि त्यांची कामावरील निष्ठा टिकते. जेथे प्रत्येकजण आपल्या वर्गात कोंडलेला असतो तेथे ती आटते, असे त्यांना दिसले. टेनेसी कोठे आणि आमचा ओटा कोठे! पण शनिवारचा चहा तोच.

कॅनडातील मायर आणि ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये निष्ठेचे तीन धागे सांगितले. कामाच्या जागेवर जीव जडतो म्हणून माणूस राहतो. सोडणे परवडत नाही म्हणून राहतो. किंवा राहणे आपले कर्तव्य आहे असे वाटते म्हणून राहतो. हजेरीपटावर तिघांची सही सारखीच दिसते. गुरुजी पहिल्या धाग्यावरून दुसऱ्यावर आले, नोकरी मात्र तीच राहिली.

कागदांविषयीही सांगितले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) कलम २७ म्हणते, की जनगणना, आपत्ती-निवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये. पण रोजची माहिती भरणे, फोटो पाठविणे हे काम कोणी अशैक्षणिक धरीतच नाही.

मग स्वभावाला काहीच किंमत नाही का? आहे. गुरुजींच्याच नव्या शाळेत एक बाई आहेत. त्या फारशा हसत नाहीत, कोणी नावाजावे अशी त्यांची अपेक्षाही नसते. ठरलेला धडा ठरल्या दिवशी संपवायचा, वह्या रोज तपासायच्या, कोणी टोमणा मारला तर ऐकू न आल्यासारखे करायचे. मानसशास्त्रात ज्याला कर्तव्यदक्षता म्हणतात तो गुण त्यांच्यात भरपूर आहे. गुरुजींना माणसे लागत. बाईंना वेळापत्रक पुरते. म्हणून त्या टिकल्या. पण अशा चिवट बाईंच्या भरवशावर शाळा चालविणे म्हणजे एका खांबावर मांडव घालणे होय. शिवाय खरे सांगायचे तर, माझा स्वभाव बाईंपेक्षा गुरुजींच्या जवळचा आहे, आणि हे मला मुळीच सुखाचे वाटत नाही. मी आईला हे सांगितले. ती म्हणाली, "मग नोकरी लागली की आधी तिथल्या खिचडीवालीला विचार."

बाई पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. मामेभावाची धाकटी बहीण सध्या त्यांच्याच वर्गात, दुसरीत आहे.